अवघड जागा

आमच्याकडे म्हणतात,
अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर.
हिद्दला मला जावई नाही.
लेक अजून पहिलीत आहे, आडिवऱ्याला.

आणि दुखणं म्हणावं तर तेही नव्हतं.
दुखलं असतं तर बरं झालं असतं,
दुखण्याला रजा मिळते.

आधी एकच. साबुदाण्याहून बारीक,
वऱ्याच्या तांदळाचा दाणा म्हणा.
मग तीन.
मग मोजायचं सोडलं,
मग रोज रात्री मोजायला लागलो
न्हाणीत, तोंडात मोबाईलची बत्ती धरून,
बाहेर यादगिरी दार बडवतोय,
आठ माणसांचं पाणी एकटा संपवतोस काय रे.

फोटो काढला. पुसला.
पुसलेल्यातूनही पुसला,
कारण त्याच मोबाईलमध्ये लेकीचं गॅदरिंग आहे.

खोबरेल लावलं. टूथपेस्ट लावली.
इम्तियाज पारकरचं गजकर्णाचं मलम
त्याला न विचारता लावलं.
एक दाणा नेलकटरने फोडला,
त्याच्या शेजारी आठवड्यात चार उठले.

रात्री पांघरुणात शोधत बसलो.
काही नाही, इथपासून कर्करोगापर्यंत
सगळं त्याच एका पानावर,
बोट जिथे थांबेल तो आजार माझा.

पुढच्या महिन्यात व्हिसाची मेडिकल.
मागच्या साली दाऊद पेंटरला परत पाठवलं.
का, ते कुणी विचारलं नाही.
सगळे माहीत असल्यासारखे गप्प.

आणि गुदैबियातला तो तिसरा मजला.
एकदाच गेलो होतो.
हा 'एकदाच' मी स्वतःशी इतक्यांदा म्हटला
की तो आता आकडा राहिला नाही.

शुक्रवारी दुपारी क्लिनिक.
काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांदेखत विचारलं, काय होतंय?
म्हटलं, खोकला.
मग अर्धा तास खोकत बसलो.

भिंतीवर जुना फोटो होता, मोती काढणाऱ्यांचा.
नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोरी.
श्वास कोंडून खाली जायचं,
संपत आला की दोरीला हिसका द्यायचा,
वरचा माणूस ओढून घेतो.

रामा गोटाट, अशी हाक आली.
रमाकांत गोताड उठला.

डॉक्टर बाई निघाल्या. इख्लास, सुदानच्या.
शुनू मुश्किला?
मुश्किला कळलं.
पुढचं सांगायला माझ्याकडे कुठल्याच भाषेत शब्द नव्हता.
आईने शिकवला तो लहान मुलाचा,
डॉकवर शिकलो ते शिव्यांचे.
पट्ट्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला,
आणि मी वेल्ड बघतो तसं बघितलं,
दोष शोधत,
दोष न देता.

लूलू, म्हणाल्या. मोती.
हे बघ, मध्ये खळी आहे.
साधा विषाणू आहे. नखं लावू नको. वस्तरा फिरवू नको.
टॉवेल कुणाकुणाचा वापरतोस?
मी हिशोब केला. चौघांचा.
आणि दुसरं?
दुसरंही सांगितलं. जमिनीकडे बघत, मोडक्या हिंदीत.
त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही, चिठ्ठीवर लिहिलं,
रक्त तपासू, बाकीचं नाही ना ते बघायला.
बायकोला सांग. पूर्ण जाईपर्यंत जवळ जायचं नाही.

कधीपासून आहे?
सात आठवडे.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
सात दिवसांत यायचं असतं, म्हणाल्या,
बहुतेकदा एवढंसंच निघतं.
आणि नसलं एवढंसं, तर आणखीच लवकर.

येताना टॉवेल घेतला, भगवा,
दुसऱ्या कुणाचा नसेल असा.
रक्ताचं रविवारी कळेल.

जेटीमागे उभा राहून घरी फोन लावला.
सुनंदाने उचलला. मागे कुकर.
मी नुसताच खाकरलो.
खोकला झालाय काय? म्हणाली.

नाही, म्हटलं.
गॅस बंद कर आधी.
बस.